तिसरी प्लेट

नारायणगावच्या बाहेर टोमॅटोच्या रोगांवर काम करणारी एक लहान प्रयोगशाळा होती. आता ती बंद आहे. मी तिथला सर्वांत जुना तंत्रज्ञ. माझ्या हाताखाली एक मुलगी होती, जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली, भात-नाचणी पिकवणाऱ्या घरातली पहिली पदवीधर. तिच्याविषयी मी एक खोटं बोललो. ते अजून कुणी खोडलेलं नाही.

आमचं काम थोडक्यात सांगतो. प्लास्मिड म्हणजे जिवाणूच्या पोटातलं डीएनएचं छोटं कडं. ते एका एन्झाइमने कापायचं, त्यात विषाणूच्या डीएनएचा तुकडा बसवायचा, दुसऱ्या एन्झाइमने सांधायचं. मग ते बर्फातल्या जिवाणूंमध्ये मिसळून नळी पाऊण मिनिट बेचाळीस अंशांच्या पाण्यात धरायची आणि परत बर्फात ठेवायची. त्या झटक्यात मोजके जिवाणू कडं आत घेतात. कुणी घेतलं ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जेलीसारख्या खाद्यात अँटिबायोटिक मिसळून प्लेटा ओतायच्या आणि त्यांवर जिवाणू पसरायचे. कड्याबरोबर औषधाला तोंड देण्याची ताकद येते. ज्यांच्याकडे कडं नाही ते मरतात.

एक प्लेट मात्र निराळी. तिच्यावर कडं न दिलेले जिवाणू. ती सकाळी कोरी निघाली पाहिजे. तिच्यावर काही उगवलं तर औषध मेलेलं आहे आणि बाकीच्या प्लेटांवरच्या पिकाला काही अर्थ नाही.

संशय घेणं हा आमच्या कामाचाच भाग होता, आणि मी त्यात पटाईत. पाण्यावर, नळ्यांवर, एन्झाइम आणून देणाऱ्या माणसावर. त्या मुलीवर तर रोजच. डबा खाताना ती एका छोट्या वहीत काहीतरी लिहायची. माझ्या चुका टिपते आहे, अशी माझी खात्री होती.

त्या संध्याकाळी मला मंचरची जीप गाठायची होती. खाद्याचा फ्लास्क नुकताच ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातून निघालेला. मी औषध घालू लागलो तशी ती म्हणाली, "सर, फ्लास्क अजून हाताला पोळतोय. विरजणसुद्धा कोमट दुधात घालतात."

हा टोमणाच, असं मी धरलं. औषध घातलं, प्लेटा ओतल्या आणि निघालो. पुढचं तिने केलं. तीन प्लेटा मांडल्या, नोंदवहीत तीन लिहिल्या.

सकाळी मी तिच्या आधी पोचलो. तिने मागे काही फेरफार केला असेल तर पकडावा, हा हेतू. कोऱ्या निघायच्या प्लेटवर पांढरे ठिपके होते, साबुदाणा सांडल्यासारखे. फ्लास्क गरम होता आणि त्या उष्णतेने औषध मी मारलं होतं. ती प्लेट मी कचऱ्याच्या पिशवीत तळाशी घातली.

उरलेल्या दोन भरगच्च प्लेटा पाहून प्रयोगशाळेचे साहेब खूश झाले. तिसरी कुठे, असं तिने मला विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्या दोन प्लेटांवरचे ठिपके उचलून ताजं औषध घातलेल्या नळ्यांत सोडले. दुसऱ्या दिवशी नळ्या पाण्यासारख्या नितळ. कडं कुणाकडेच नव्हतं. अवसरीच्या एका शेतातल्या पानांमधून मिळवलेला विषाणूच्या डीएनएचा तो तुकडाही संपला होता.

साहेबांनी नोंदवही उघडली. तीत तीन प्लेटा, फ्रिजमध्ये दोन. त्यांनी मला विचारलं.

"मी दोनच पाहिल्या," मी म्हणालो.

खोटी नोंद केली म्हणून तिला काढून टाकलं. त्यानंतर मला सगळेच संशयित वाटू लागले. झाडणाऱ्या मावशी पिशवी बांधताना थबकल्या की मी हातातलं काम सोडून त्यांच्याकडे पाहायचो. साहेबांनी बदलीचं विचारलं तरी वाटायचं, यांना कळलंय.

पेठ गावाजवळ तिची रोपवाटिका आहे, हे मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. गेल्या महिन्यात रोपं घ्यायचं निमित्त करून गेलो. तिने ओळखलं, चहा दिला. इतकी शांत कशी, म्हणून मी तिच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते पाहत राहिलो. ती एका रिकाम्या ट्रेला पाणी घालत होती.

"त्यात बियाणं नाय, सर. मातीतच काय असलं तर तिथं दिसतं," ती आता घरच्या बोलीत म्हणाली. "ह्यो ट्रे मी कुणाला उचलू देत नाय."

मग मी सांगितलं. तिसरी प्लेट मी टाकली.

"मला ठाव व्हतं. मीच मांडल्या व्हत्या न्हवं?" तिने पाइप खाली ठेवला. "पण माझा बाप मरेस्तोवर म्हनत व्हता, पोरीनं वहीत खोटं लिवलं. आई अजून तेच धरून बसलीय."

घरी जाऊन सविस्तर लिहून पाठवतो, असं मी म्हणालो.

"नाय. इथंच लिवा. तुमच्या हातात दिलं की कमी व्हतं."

तिने घरातून वही आणली. तीच छोटी वही. आत कामाच्या पायऱ्या मराठीत लिहिलेल्या होत्या, माझ्याकडून ऐकून उतरवलेल्या. एके ठिकाणी होतं, 'औषध खाद्य कोमट झाल्यावरच, सरांनी सांगितलं.' माझ्या चुका कुठेच नव्हत्या.

त्याच पानाखाली मी लिहिलं. प्लेटा तीन होत्या, तिसरी मी टाकली, हिची नोंद खरी होती. सही केली.

तिने बोट फिरवत सावकाश वाचलं आणि पेन परत माझ्यापुढे धरलं.

"फ्लास्क गरम व्हता, ते ऱ्हायलं."

तेही लिहिलं.