उद्या डब्यात मटण हाय!

रोज एका टेबलावर जेवणारी माणसं असली की किस्से साचतातच. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या कारखान्यात तर गेल्या वर्षी दोन पत्र्याच्या डब्यांनी आठवडाभर पुरतील एवढे किस्से दिले!

सुरुवात केली स्टोअरकीपर पाटलांनी. मंगळवारी जाहीर केलं, "उद्या डब्यात मटण आणतोय. तुम्ही नुसत्या भाकऱ्या आणा!"

बुधवारी आम्ही सगळे कोरड्या भाकऱ्या घेऊन हजर. पाटलांनी टेबलावर दोन सीलबंद टिन ठेवले. लेकीनं परदेशातनं आणलेले!

"अवो पाटील, हा डबा व्हय?"

"मग? डब्यातच हाय की मटण!"

•

आता टिन उघडायचा कशानं? टर्नर बापू म्हणाला, "द्या हिकडं." आणि टिन थेट लोखंड कातायच्या लेथ मशीनला लावला! रस्सा उडाला तो नेमका आमच्या साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर.

बापू शांतपणे म्हणाला, "मशीन थंड ठेवायचं कूलंट हाय, साहेब."

साहेबांनी शर्टाचा वास घेतला. "कूलंटला मिरीचा वास कधीपासनं यायला लागला?"

•

फिटर सलीमभाईंनी चष्मा लावून अख्खं लेबल वाचलं. हलालचा शिक्का होता. आमचा जीव भांड्यात पडला. त्यांनी एक फोड तोंडात टाकली, सावकाश चावली आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"काय झालं, भाई?"

"धर्माला चालतंय. कोल्हापूरला न्हाय! चटणी कुठाय ह्यात?"

•

दुसरा टिन ऑफिसातल्या सुमनताईंनी घरी नेला. घरी सासूबाईंचा कायदा कडक. शिळं मटण चुलीवर चढायचं नाही! ताई काही बोलल्याच नाहीत. कांदा-लसूण मसाला घालून तांबडा रस्सा केला. सासूबाईंनी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि विचारलं, "कुणाकडनं आणलंस गं?"

ताई घाबरत म्हणाल्या, "परदेशातनं. डब्यातलं हाय."

सासूबाईंनी रिकामं ताट पुढं सरकवलं. मग म्हणाल्या, "आता तिथनंच आणत जा!"

•

शुक्रवारी हे सगळं सांगून आम्ही हसत होतो. गेटवरचे सुभेदार माने तेवढे हसत नव्हते. फौजेतनं निवृत्त झालेला, हातकणंगल्याकडचा माणूस.

"बर्फात पाच महिने हेच खाल्लंय मी," ते म्हणाले. "आई दर फोनला विचारायची, पोरा, तिथं खातोस काय? म्हणून सुट्टीवर येताना एक टिन घेऊन आलतो. म्हटलं, बघू दे. माझ्या वडलांनी, आबांनी तो फोडला. थंडच तुकडा तोंडात घातला. मला म्हणाले, 'रोज हेच?' म्हटलं, व्हय. आबा उठून गोठ्यात गेले."

आमच्यातलं कुणी जेवत नव्हतं.

"सकाळी उठून बघतोय तर आबा जत्रेसाठी राखलेलं बकरं कापून मोकळे! आई ओरडली, 'अवो, जत्रा अजून दीड महिना लांब हाय की!'

आबा म्हणाले, 'गप बस. जत्रा आजच हाय.'"