राखणदाराचा नारळ

शिवदासविषयी शांतारामला खरं म्हणजे फारच थोडं ठाऊक होतं. तो बांद्याकडचा, शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवणारा आणि गोव्यात मयेला शांतारामच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारा, एवढंच. गावी त्याचं कोण आहे, हे विचारावंसं वाटे; पण कुणाच्या घरात डोकावल्यासारखं होईल म्हणून शांताराम हवापाण्यावर बोले.

ओळख होती ती शांतारामच्या जुन्या फियाटमुळे. क्लच घसरू लागला की शिवदास पोतं अंथरून गाडीखाली शिरे. बाहेर दिसत ती खाणीच्या धुळीनं तांबडी झालेली त्याची पावलं.

भाषेच्या आंदोलनात रस्ते अडले होते, बसगाड्या नव्हत्या, डिचोलीतली गॅरेजं बंद होती. शेवटी रस्ते मोकळे झाले, बाकी सगळं तसंच. शांतारामच्या लेकीचे, वैशालीचे, दिवस भरले होते. मूल आडवं आहे, कळा सुरू होताच म्हापशाला आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी शांतारामनं गाडी तपासली, तर ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. दारातूनच उतार सुरू व्हायचा, तो खाली गाव राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या, घुमटीपर्यंत.

शिवदासनं ब्रेक-तेलाच्या डबीत बोट बुडवून वास घेतला.

"काकानू, हेच्यात कढी करूची आसा काय?"

शांतारामची बायको यशोदा दारातून म्हणाली, "कमी दिसलं म्हणून मीच ओतलं. खोबरेल. शिवणाच्या मशीनला चालतं, बिजागरीला चालतं..."

"काकी, ता डोक्याक लावचा. आतली रबरां फुगली."

खाणीवर मोडीत पडलेल्या एका फियाटची रबरं तो मुकादमाला विचारून घेऊन आला. नळ्या स्पिरिटनं धुतल्या, नवं तेल भरलं. मग शांताराम पेडलवर आणि शिवदास चाकाशी, नळ्यांतली हवा काढत.

"दाबा. धरून ठेवा. सोडा."

घरातून वैशालीचं कण्हणं ऐकू आलं. शांतारामनं वळून घराकडे पाहिलं, पेडल मध्येच सुटलं.

"वारो परत आत गेलो," शिवदास म्हणाला. "परत पयल्यापासून."

"जुनी रबरं टिकतील ना रे?"

"म्हापशापर्यंत टिकतली." थोडं थांबून तो म्हणाला, "माका वाटता."



लांबच्या वाटेला निघताना राखणदाराला नारळ द्यायचा, ही तिथली रीत. शिवदासनं तो घुमटीपुढे रस्त्यातच ठेवला आणि स्वतः नारळामागे उभा राहिला.

"हंयसर थांबवा. नारळ हलता नये."

"अरे, बाजूला हो!"

"बाजूक झालंय तर तुम्ही जीव लावन दाबूचे नाय."

गाडी उतरली. शांतारामनं दात आवळून पाय रोवला. पेडल अर्ध्यावर घट्ट लागलं आणि गाडी नारळाच्या वीतभर अलीकडे थांबली. शिवदासनं नारळ उचलला.

पुढे म्हापशाला नातू सुखरूप झाला. काही आठवड्यांनी सगळी घरी परतली, तर शेजारची खोली रिकामी. शिवदास ट्रकबरोबर दुसऱ्या खाणीवर गेला होता. तो पुन्हा कधी भेटला नाही. वैशालीला मागे बसवून निघताना खिडकीशी झालं, तेच शेवटचं बोलणं.

"उतारार क्लच दाबून ठेव नकात हां, काकानू."

"नाही रे. तू नारळ तेवढा फोड."

"फोडतंय. जावा तुम्ही."