छत गळत नव्हतं

प्रेमलता रामाकोना गावची. माहेरी संत्र्याची बाग, कपाशी आणि विहिरीपाशी भाजीचे वाफे. भाजी विकत आणायची असते, हे तिला लग्न होऊन सौंसर शहरात आल्यावर कळलं. नवरा मुकुंद सरकारी दफ्तरात बाबू. दोघं दादाराव बोबडे यांच्या मकानात खालच्या खोल्यांत किरायानं राहत. वरच्या माळ्यावर दादाराव आणि प्रतिभाकाकू. त्याच्याही वर मोकळं छत होतं. तिथं उन्हाळ्यात पापड-कुरड्या वाळत, एरवी कोणी फिरकत नसे.

मुलगी तेजस्विनी नागपूरला शिकायला गेली आणि घर एकदम गप्प झालं. त्या वर्षी प्रेमलतानं दादारावांना विचारून, कूलरची एक फुटकी टाकी छतावर नेली आणि तिच्यात मेथी पेरली. मेथी इतकी दाट आली की तिला हसूच फुटलं. मग ती थांबलीच नाही. रंगाऱ्यांनी टाकून दिलेल्या बादल्या, संत्रा मंडीतले तडकलेले कॅरेट, सिमेंटची रिकामी पोती, जे दिसेल ते ती वर नेई. कुंडी म्हणून तिनं कधी काही विकत घेतलं नाही. संत्र्याच्या साली, चहाचा चोथा, समोरच्या कडुनिंबाचा पाला, सगळं एका ड्रममध्ये कुजत घालायचं. शेणखत मात्र माहेरचं. तिचे वडील रामाजी महिन्या-दोन महिन्यांनी पोतं बसवर चढवून देत आणि कंडक्टर ते उतरवताना म्हणे, "लोकायले माहेराहून साडी येते, अन् तुम्हाले शेणखत!"

"साडी फाटते बाप्पा," ती म्हणे.

छताला धोका नको म्हणून ती माती कमी आणि पाला जास्त भरी. प्रत्येक बादलीखाली विटांचे तुकडे, म्हणजे पाणी साचत नाही. रोज सकाळी झाडून छत कोरडं करी. दादाराव सकाळी वर येऊन खुर्ची टाकून बसत. "पोरी, तुह्या वांग्याले चव आहे," म्हणत आणि जाताना मिरच्या तोडून नेत. सांभाराची जुडी, म्हणजे कोथिंबीर, काकूंकडे न चुकता पोचायची. मुकुंदही शेजाऱ्यांना सांगे, "आमच्याकडे भाजीची पिशवी खुंटीवरच राहते."

त्या छतावर एक कमोडही होतं. दादारावांनी न्हाणीघर नव्यानं बांधलं, तेव्हा टेम्पोतून उतरवतानाच ते तडकलं. कोरं करकरीत, एकदाही न वापरलेलं. दुकानदार परत घेईना. प्रेमलतानं त्यात पालक लावला. खोल आणि थंड जागा, पालक असा फोफावला की पानं हाताएवढी झाली.

मुकुंदच्या दफ्तरात जबलपूरकडचे नवे साहेब आले. एका रविवारी ते बायकोसह जामसांवलीला दर्शनाला गेले आणि परतताना मुकुंदच्या आग्रहावरून जेवायला थांबले. प्रेमलतानं पालकाची पातळ भाजी, भरली वांगी, भाकरी केली. बाईंनी भाजी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर त्यांना बगीचा पाहायचा होता. प्रेमलता हौसेनं त्यांना वर घेऊन गेली. मुकुंद, साहेब, सगळेच आले.

बाई कमोडापाशी थबकल्या. "ये वही पालक है क्या?"

प्रेमलता सांगू लागली, "नवं होतं जी ते, टेम्पोतूनच..."

पण बाईंना हसू आवरेना. "अरे मुकुंद जी, आपने तो हमें बाथरूम का पालक खिला दिया!"

साहेब हसले. मुकुंदही हसला. त्याचे कान लाल झालेले प्रेमलतानं पाहिले, पण तोही हसतोय म्हटल्यावर तीही हसली. पाहुणे गेल्यावर तो काही बोलला नाही. तिला वाटलं, गंमत होती, संपली.

पावसाळा सुरू झाला. दोडक्याचा वेल दोरीवरून पार पाण्याच्या टाकीपर्यंत चढला होता, पिवळ्या फुलांनी भरला होता. एका सकाळी दादाराव वर आले, पण खुर्ची ओढली नाही. जिन्याच्या तोंडाशीच उभे राहिले.

"पोरी, माह्या खोलीत ओल येऊन राहिली. स्लॅबचं लेंटर गळून राहिलं. हे सगळं खाली उतरवा लागते."

"काकाजी, म्या तर एक थेंब थांबू देत नाई. पाहू द्या बरं, कुठं गळते."

"पाहून काय करशील? मकान माह्यं आहे न," ते म्हणाले आणि वळले. इतक्या वर्षांत ते असं कधी बोलले नव्हते.

किरायेदारानं मालकाच्या निजायच्या खोलीत शिरून छत पाहायचा हट्ट कसा धरायचा? आणि दादाराव खोटं कशाला बोलतील?

मुकुंदनं त्या दिवशी सुट्टी घेतली. भिजत भिजत त्यानं एकेक बादली खाली आणली. काही झाडं समोरच्या जयश्री मास्तरीणबाईंनी नेली, काही गल्लीतल्या बायकांनी. कमोड भंगारवाल्यानं उचललं. दोडक्याचा वेल कुठं नेता येईना. प्रेमलतानं स्वतःच्या हातानं तो बुडातून कापला आणि तिथंच बसून रडली. मुकुंद जवळ आला, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"जाऊ दे. परक्याचं छत आहे. आपलं मकान झालं की पुरं छत तुह्यं."

त्या हातानं तिला फार धीर आला. संध्याकाळी तिनं वडिलांना फोनवर सगळं सांगितलं आणि म्हणाली, "छत गेलं बाबा, पण हे सोबत होते म्हणून निभलं."

पोळ्याच्या आधी झड लागली. आठवडाभर सूर्य दिसला नाही, रस्त्यांचे ओढे झाले. काकूंना ताप चढला, म्हणून प्रेमलता मऊ खिचडी घेऊन वर गेली. निजायच्या खोलीत ती पहिल्यांदाच जात होती. काकूंना उशीला टेकवून बसवलं, ताट दिलं, आणि तिची नजर सहज वर गेली.

छत पांढरं होतं. जुना डिस्टेंपर, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. ओलीचा डाग नाही, पोपडा नाही, नव्या रंगाचा पट्टाही नाही. बाहेर धो धो पाऊस पडत होता.

"काकू, इथंच गळत होतं न?"

काकूंनी घास हातात तसाच धरला. तेवढ्यात दादाराव औषध घेऊन आत आले आणि तिची वर लागलेली नजर पाहून दारातच थांबले.

"छत कधी गळलंच नाई पोरी," ते म्हणाले. "खोटं म्या बोललो. पण ते खोटं माह्यं नव्हतं."

"मंग कोणाचं?"

दादारावांनी काकूंकडे पाहिलं. काकूच म्हणाल्या, "मुकुंद आला होता वं. साहेबाच्या बायकोनं दफ्तरात सांगतलं म्हणे सगळ्यायले. लोक त्याले पालकबाबू म्हणून राहिले. म्हणे, तुम्ही सांगा काकाजी, माह्या तोंडून निघत नाई. हात जोडले त्यानं."

"अन् तुम्ही ऐकलं?"

"नवरा-बायकोच्या मधात म्या कसा पडू?" दादाराव म्हणाले.

"पडलेच न तुम्ही," प्रेमलता म्हणाली. काकूंना तिनं पाणी दिलं, ताट उचललं आणि खाली आली.

मुकुंद दफ्तरातून आला तेव्हा त्याच्या रेनकोटातून पाणी निथळत होतं. तिनं टॉवेल दिला, चहा दिला. मग विचारलं, "दादारावजीचं छत पाहिलं म्या आज. तुम्हाले माहीत होतं?"

त्यानं कप खाली ठेवला. "तुले वाईट वाटू नये म्हणून त्यायच्या तोंडून सांगतलं. सगळे हसून राहिले होते मले. सकाळी दफ्तरात पाय टाकला की सुरू."

"मले सांगतलं असतं तर ते कमोड म्या स्वतः फेकलं असतं. एवढंच होतं न?"

त्यानं ओला रेनकोट उचलून खुंटीला लावला.

"छत काढून घेतलं ते समजलं मले. लाज वाटली तुम्हाले, समजलं. पण म्या रडली तवा पाठीवर हात कायले फिरवला?"

"तू रडून राहिली होती, म्हणून..."

"कोणाच्यामुळं रडून राहिली होती?"

दुसऱ्या दिवशी मुकुंद वर गेला आणि दादारावांशी बोलला. मग तो आणि दादाराव दोघं खाली येऊन म्हणाले, छत मोकळं आहे, उद्यापासून लाव. प्रेमलतानं हो म्हटलं. झड थांबल्यावर मुकुंदनं बाजारातून लाल-निळ्या कुंड्या आणल्या आणि न सांगता वर नेऊन ओळीनं मांडल्या. तिनं त्यांत मेथी पेरली, वांग्याची रोपं लावली. माती रुसून बसत नाही, सगळं उगवलं. दादाराव पुन्हा वर येऊ लागले. प्रेमलता त्यांना मिरच्या तोडून देई, पण आता ते मागतील तेव्हाच.

घरात भांडण नव्हतं. जेवण वेळेवर, बोलणं वेळेपुरतं. बाहेरून पाहणाऱ्याला काही वेगळं दिसलं नसतं.

दिवाळीच्या तोंडावर मुकुंद म्हणाला, "तेजस्विनीचा फोन आला होता. परीक्षा आहे म्हणे, भाऊबीजेलेच येईन."

"बरं," प्रेमलता म्हणाली.

मग ती छतावर गेली, कठड्याशी उभी राहिली आणि मुलीला फोन लावला. "बेटा, तू कधी येऊन राहिली?"

"बाबांनी सांगितलं नाही का? परीक्षा आहे गं आई. भाऊबीजेला येते."

"हाव, सांगतलं त्यायनं," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला. मुकुंद खरं तेच बोलला होता. तरी विचारल्याशिवाय तिला राहवलं नव्हतं, आणि पुढच्या वेळीही राहवणार नव्हतं.