पेंढ्यामागची दोन मुलं

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. आईला सांगणार होते, पण ती गेली आणि राहूनच गेलं. आज तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. फक्त मध्ये थांबवू नका, नाहीतर मी विषय बदलेन. त्यात मी भारी पटाईत.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. राजापूरकडची गावं माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी साहेबांनी माझ्या गळ्यात एक काम घातलं. गरीब घरांतल्या मुलांसाठी ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य केंद्र आणि अंगणवाडी यांनी एकत्र बसायचं, आणि त्यांना बसवायचं मी. अहो, चार जावांना एका चुलीवर आणणं सोपं! शाळा म्हणे, मूल आमच्या वयाचं नाही. आरोग्यवाले म्हणत, आम्हाला कुणी कळवलंच नाही. ग्रामपंचायत म्हणे, निधी आला की बघू. मी भांडले, चहा पाजले, रुसवे काढले. आणि एका गावात जमलं हो — असं जमलं की माझाच विश्वास बसेना. खलाशाचं पोर, विधवेचं पोर, बाप मुंबईत जाऊन विसरलेलं पोर — सगळी जेवत होती, अंगाला लागत होतं. गाव त्यांच्यामागे उभं राहिलेलं बघून माझे डोळे भरून यायचे.

पण आंब्याच्या बागा —

आमच्याकडे बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात. मोहोराच्या आधी येतात, पावसाच्या तोंडावर जातात, राहतात बागेतच. आणि आमची रीत अशी, की बागेतली माणसं बागवाल्याची. गावाची नव्हेत. कुणी ठरवलं हे? कुणीच नाही. म्हणून तर कुणी मोडतही नाही.

त्याच गावच्या सरपंचांच्या बागेत मनमाया होती, तिचा नवरा, मुलगी सिर्जना — असेल पाचेक वर्षांची — आणि धाकटा, अजून धड चालतही नव्हता. मी त्याला एकदा उचललं होतं. हाताला ओझंच लागलं नाही. या कामात केस पांढरे झालेत माझे, मला नाही कळणार? मनमायाला म्हटलं, करते काहीतरी. दर वेळी हेच म्हटलं. पण त्यांचा आहार बागेत पोचवायचा तर चारही खात्यांना पुन्हा बसवा, सरपंचांना दुखवा... आज करू, उद्या करू, असं चाललं.

मग जिल्ह्याहून मोठ्या बाई यायच्या ठरल्या. हे गाव सगळ्या जिल्ह्याला दाखवायचं म्हणून. ऐन मे महिना, तेव्हा सरपंचांच्या बागेत आंबे खायचा बेत. आणि मी — कुणी सांगितलं नव्हतं मला, मीच — सकाळी जाऊन मनमायाला म्हटलं, आंबे भरायच्या शेडमध्ये पेंढ्यामागे बसव पोरांना. मी येईपर्यंत बाहेर काढू नको. तिने का म्हणून विचारलं नाही. सिर्जनाला तर मी स्वतः समजावलं. ओठांवर बोट ठेवून.

खुर्च्या नेमक्या शेडच्या दाराशी मांडलेल्या. हसणं-खिदळणं चाललं होतं, मनमाया सगळ्यांना पाणी देत होती, आणि मी कान लावून बसले होते. आता रडेल. आता खोकेल. पत्रा तर तापून लाल झालेला. पण आतून हूं नाही की चूं नाही! एवढंसं उपाशी मूल इतकं गप्प राहिलेलं तुम्ही कधी अनुभवलंय? जन्म पोरांत काढला मी, मी नाही अनुभवलं.

बाईंनी विचारलं — या गावातलं एकही मूल सुटलेलं नाही ना? चांगल्या होत्या हो बाई. नुसतं "दोन आहेत" म्हटलं असतं, तरी तिथल्या तिथे सोय लागली असती. चारही खात्यांची माणसं समोरच होती, आमरसाने हात बरबटलेली.

मी म्हटलं, "एकही नाही, मॅडम."

टाळ्या पडल्या. मग ग्रामपंचायतीत जेवण, भाषणं, माझ्या खांद्यावर शाल. मनमायाला सरपंचांनी भांडी घासायला तिकडेच आणलेलं, नवरा आंब्याच्या गाडीबरोबर गेलेला. आणि मी — हे जड जातंय सांगायला — मी विसरले. त्या दोघांना चक्क विसरले. ऊन कलल्यावर आठवलं, तशी धावत सुटले.

मनमायाची माणसं पावसाआधी गेली, परत आली नाहीत. धाकट्याचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. मी शोध घेतला नाही.

त्या दिवशी मात्र मी शेडचं दार ढकललं, तर दोघं तिथेच. घामाने निथळत होती, पायांवर पेंढ्याचे वळ उठलेले. तो तिच्या मांडीत, तिच्या फ्रॉकचं टोक चोखत. माझं पाऊल उंबऱ्यातच थबकलं. देवळात शिरतानाही मला कधी असं झालेलं नाही. केवढीशी ती पोर — आणि केवढं जपलं तिने माझ्या शब्दाला! माझ्या!

तिने भावाला कडेवर घेतलं, माझ्यासमोर येऊन ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ये रोया नहीं."

आणि मी तिला शाब्बास म्हटलं.