दहा दगड, नऊ मैल

मोठे टायर मीच मागितले होते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा राग वाचताना कुणी म्हणायला नको की ह्याने स्वतःचा भाग लपवला. चिखलात रुतलेली गाडी फावड्याने उकरून काढता काढता माझी कंबर मोडायची वेळ आली होती. म्हणून मी मालकाच्या मागे लागलो आणि टायर बदलून घेतले. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

गाडी लढाईतली. लष्कराने विकायला काढलेल्या मालातून आलेली. पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा. आज तिला पिकअप म्हणतील. मुलुंडला खाडीच्या बाजूला मिठागरं होती. तिथून मिठाची पोती भरायची आणि आग्रा रोडने कुर्ल्याच्या वखारीत नेऊन उतरवायची, दिवसाला दोन खेपा, हे माझं काम. ही पन्नास आणि साठ सालांच्या मधली गोष्ट. रस्ता मोकळा असायचा आणि रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड असायचे. त्या दगडांची गोष्ट पुढे येईल.

मालक मिठाचा कंत्राटदार होता. शिकलेला, सोनेरी काडीचा चष्मा लावणारा, उपासतापास कडक पाळणारा माणूस. तेव्हा मी त्याला तोंडावर आणि पाठीमागेही ‘ते’ म्हणायचो. आज लिहिताना ‘तो’च लिहिणार आहे, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

मिठागरात जायला खाडीकाठचा मातीचा बांध होता. उधाणाचं पाणी चढलं की त्याचा नुसता राडा व्हायचा. गाडीची मूळची चाकं लहान, ती त्यात बसायची ती उठायचीच नाहीत. मालकाने शेवटी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून मोठ्या मापाचे, रुंद, खोल नक्षीचे टायर आणले. ते मडगार्डला घासायला लागले, तेव्हा मडगार्डची कड छिन्नीने छाटून टाकली. गाडी चांगली दोन बोटं उंच झाली आणि चिखलातून म्हशीसारखी निवांत चालायला लागली. मिठागरावरचा कारकून खोपटातून ओरडला, “झकास! आता फावडं विकून टाक.” मीही हसलो. हसणं स्वस्त होतं त्या दिवशी.

हाच कारकून गाडीची वही ठेवायचा. पेट्रोल भरलं की किती गॅलन आणि मीटरवर किती मैल, एवढंच त्यात असायचं. माझी गाडी गॅलनला सोळा मैल द्यायची. टायर बदलल्यावर पहिल्या आठवड्यात चौदा झाले, पुढे तेरा. कारकुनाने मला काही विचारलं नाही. त्याने वही मालकाकडे नेली.

पेट्रोल विकणारे ड्रायव्हर होते, नव्हते असं मी म्हणत नाही. टाकीत रबराची नळी घालायची, तोंडाने ओढायचं आणि डबा भरून द्यायचा. आग्रा रोडवर असं घेणारे कोण, हे मला माहीत होतं आणि मालकालाही माहीत होतं. पण मी कधी नळीला तोंड लावलं नव्हतं. सहा वर्षं त्याच्याकडे काढली होती. सहा वर्षांत एकदा तरी त्याने मला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं, की बाबा, काय झालं? त्याने विचारलं ते थेट दसऱ्याला.

दसऱ्याच्या सकाळी मिठागरावर गाडीची पूजा व्हायची. फावडी, घमेली, वजनकाटा ओळीने मांडलेला, वीसेक कामगार, काहींची बायका-मुलं. गाडी मी पहाटेपासून धुऊन लखलखीत केली होती. तिच्या तोंडावर झेंडूची माळ होती, ती माझ्या बायकोने केलेली. आम्ही भांडुपला एका खोलीत राहायचो आणि बायको स्टेशनजवळच्या फुलवाल्याला घरी माळा ओवून द्यायची. मालकाने हळदकुंकू वाहिलं, अगरबत्ती ओवाळली, बॉनेटवर नारळ ठेवला. मग फोडायला मला न देता तो सगळ्यांसमोर म्हणाला, “ह्या नारळावर हात ठेव आणि सांग, मी पेट्रोल विकलेलं नाही.”

मला आधी कळलंच नाही. मग कानशिलं तापली.

“मालक, मी चोर आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“मी काहीच म्हणत नाही रे. गॅलनमागे तीन मैल कुठे गेले, एवढं विचारतोय. तुझं मन साफ असेल तर हात ठेव, विषय संपला.”

विषय संपला म्हणे! आमच्या गावात देवळात नारळावर हात ठेवायला लावतात तो ज्याच्यावर गावाचा संशय बसलाय त्याला. तिथे सज्जन माणूस हात ठेवायला जात नाही, त्याला कुणी बोलावतच नाही. सहा वर्षं इमानाने गाडी हाकल्यावर, वीस माणसांच्या देखत, माझ्या बायकोने ओवलेल्या माळेपुढे मी का म्हणून हात ठेवू? मी हात पाठीमागे बांधले. “ठेवणार नाही,” म्हणालो. कुणीतरी मागे कुजबुजलं. कारकून वहीत डोळे घालून बसला. नारळ मालकाने स्वतः फोडला, आणि त्या क्षणापासून मी मिठागरावर पेट्रोलचोर झालो.

काढून टाकलं नाही त्याने मला. तेही त्याच्या सोयीचंच होतं, त्या बांधावरून भरलेली गाडी काढणारा दुसरा मिळणार कुठे? पण पोती चढवताना कामगार नाकाला हात लावून म्हणायचे, “पेट्रोलचा वास येतो ना रे?” आणि हसायचे.

बायकोने घरी माझीच हजेरी घेतली.

“हात ठेवलो असतो तर झडान पडलो असतो?” ती गावाकडच्या बोलीत म्हणाली. “खरा ता खरा. मगे भियाचा कित्याक?”

“भियाचो प्रश्न नाय गो,” मी ओरडलो. तिला ओरडायचं काही कारण नव्हतं. पण ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यासमोर तोंड उघडता येत नाही, तेव्हा माणूस घरात ओरडतो. त्या महिनाभरात मी घरात फार ओरडलो, आणि त्याचाही राग मी मालकाच्याच नावावर ठेवला आहे.

आता मीटरवरून माझी नजर हटेना. गाडी चालवताना दर दगडाला मी आकडा बघायचो. आणि एक दिवस लक्षात आलं, की मुलुंडच्या दगडापासून कुर्ल्याच्या दगडापर्यंत दहा मैल होतात, पण मीटर नऊच दाखवतोय. परत येताना बघितलं. नऊ. दुसऱ्या दिवशी दोन्ही खेपांना बघितलं. नऊ, नऊ. मीटर बिघडला म्हणावं तर तो एकसारखाच कसा बिघडेल?

घरी बायको माळ ओवत होती. तिच्याकडे माळ हातावर मोजतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात. मी तिला दगडांचं सांगितलं. तिने ओवता ओवता ऐकलं, मग अर्धी माळ माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, “ही मोजा बघू.” तिच्या मोजणीने ती दहा हात होती. माझा हात लांब. माझ्या मोजणीने नऊच भरली.

“माज्या हातान मोजल्यार धा, तुमच्या हातान मोजल्यार नऊ,” ती म्हणाली. “मगे माळ काय कोणी चोरल्यान?”

मला गाडीची मोठी चाकं आठवली. मीटरला रस्ता दिसत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता तोडतं, म्हणून त्याच रस्त्याला फेरे कमी आणि वहीत मैल कमी. वहीत तेरा मैल लिहिले तेव्हा गाडी साडेचौदाच्या आसपास चाललेली असायची. उरलेला दीडेक मैल मात्र टायरांनी खरोखरच खाल्ला होता, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. ते वजनाला भारी होते. थांबलेली गाडी हलवायला इंजिनाला जोर पडायचा आणि जिथे आधी तिसऱ्या गिअरमध्ये चढ निघायचा तिथे आता दुसरा टाकावा लागायचा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पेट्रोल पीतच सुटतं. म्हणजे निम्मा तोटा खोटा होता, निम्मा खरा होता, आणि दोन्हीत माझी नळी कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मालकाला म्हणालो, “माझ्याबरोबर कुर्ल्यापर्यंत चला.” तो आला, ते मी मानतो. शेजारी बसून त्याने दगड मोजले, बोटांवर. विक्रोळीला त्याचा चेहरा बदलला, घाटकोपरला तो पुढे वाकून मीटरकडे टक लावून बसला. कुर्ल्याला मी गाडी थांबवली. दहा दगड झाले होते आणि मीटर नऊ म्हणत होता. मी त्याला माळेचं सांगितलं, दुसऱ्या गिअरचं सांगितलं. त्याला सगळं समजलं, शिकलेला होता तो. चष्मा पुसत तो हसला आणि म्हणाला, “अरे, गंमतच आहे की!”

गंमत. महिनाभर मला अन्न गोड लागलं नव्हतं, आणि ह्याला गंमत वाटली.

“मालक, हे तिथे सगळ्यांसमोर सांगा,” मी म्हणालो.

“सांगू की. वेळ आली की सांगू.”

वेळ आली नाही. वहीतले आकडे दुरुस्त करायला सांगितले तर म्हणाला, कशाला उगाच खाडाखोड. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा त्याने पगारात पाच रुपये वाढवले आणि असं बघितलं, की आता तरी गप्प बस. मी गप्प बसलो. घरी खाणारी तोंडं होती हे खरं, पण पाच रुपये घेऊन गप्प बसलो हेही खरं, आणि ह्या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग माझ्या त्या गप्प बसण्याचाच येतो.

पुढच्या उन्हाळ्यात बांधावर खडी पडली. चिखलाचा प्रश्न मिटला, तसे मोठे टायर काढून पुन्हा लहान बसवले. वही आपोआप सोळावर आली.

आणि मग आला दसरा. तीच माणसं, तशीच धुतलेली गाडी, बायकोने केलेली नवी माळ. कारकुनाने वही उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बघा मालक, गाडी परत सोळा द्यायला लागली. गेल्या वर्षी तुम्ही नारळ पुढे केलात ना, तेव्हापासून ह्याला धाक बसला. सुधारला!”

सगळे हसले. मी मालकाकडे बघितलं. त्याने दगड मोजले होते, स्वतःच्या बोटांवर मोजले होते. तो नुसता हसला, आणि मान डोलावली.

माझं डोकं फिरलं. मी बॉनेटवरचा नारळ उचलला आणि त्याच्यासमोर धरला. “मालक, आता तुम्ही हात ठेवा. ठेवा आणि सांगा, मुलुंड ते कुर्ला दगड किती आणि मीटरवर मैल किती. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात की नव्हतात?”

तो देवाला भिणारा माणूस होता. नारळावर हात ठेवून खोटं बोलला नसता, आणि खरं बोलायची त्याची तयारी नव्हती. त्याचे हात धोतराजवळ तसेच लोंबत राहिले. “सणासुदीला तमाशा नको,” तो म्हणाला आणि तोंड फिरवलं.

मी वाट बघितली. आता तरी कुणीतरी कुजबुजेल, कुणीतरी म्हणेल की हात का ठेवत नाही हा? गेल्या वर्षी माझा हात पुढे आला नाही आणि तेवढ्यावर मी चोर ठरलो होतो. ह्या वर्षी त्याचा आला नाही, आणि कारकुनाने पेढ्यांचा पुडा सोडला.

एक पेढा माझ्याही तळहातावर ठेवला. मी तो बॉनेटवर ठेवला, शेजारी गाडीची किल्ली ठेवली आणि भांडुपला चालत घरी गेलो.