अर्धी टाकी

रोहिणी, जवळ ये जरा. कागदावर लिहिलंय म्हणून लांबून वाचू नकोस, आत्या समोर बसलीय असं समज. आणि आधी बोलणी खा. हूटगळ्ळीच्या घरासमोर तुझा पिकअप भरून उभा होता, त्याचा फोटो तू मला मोठ्या हौसेनं पाठवलास. खताच्या गोण्या खाली, त्यांच्यावर पाण्याची टाकी, तीही अर्धीच भरलेली, आणि बांधलीय कशानं, तर कपडे वाळत घालायच्या दोरीनं! अय्यो, ही काय रीत झाली? हे घेऊन तू हुणसूरच्या पुढे त्या चढावरच्या मळ्यात जाणार? रागावू नकोस. मी ओरडतेय त्याला कारण आहे. घरात आजवर कुणाला नीट सांगितलं नाही, ते सांगते.

तेव्हा मी कॅप्टन होते. पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात. आमची ट्रान्सपोर्ट प्लाटून वरच्या चौकीला रेशन आणि पाणी पोचवायची. खालचा कॅम्प ते चौकी बावीस किलोमीटर, उन्हाळ्यात अडीच तास, पावसाळ्यात देवाला माहीत. पाण्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता नाईक शिवण्णा. आपल्या बेट्टदपुरच्या डोंगराच्या पायथ्याचा माणूस. मी मैसूरची कळल्यावर तो माझ्याशी कन्नडच बोलायचा, बाकीचे हसायचे. "मॅडम आणि शिवण्णा सुरू झाले की आम्हाला रेडिओची खरखर वाटते, एक शब्द कळत नाही," म्हणायचे.

रोज सकाळी पाच दहाला गाड्यांची तपासणी. टायर, ब्रेक, पट्टे, मग लोड. जड माल तळाला, पुढच्या अंगाला, मध्ये फट नाही, चारी कोपऱ्यांना पट्टा. शिवण्णा माल बांधून झाला की खांद्यानं धक्का मारून बघायचा. हलला की परत सगळा उतरवायचा, मग मागून कुणी कितीही शिव्या देवो. पाण्याच्या टाकीचा नियम एकच : भरलेली, नाहीतर रिकामी. अर्ध्या टाकीत पाणी डुचमळतं, उताराच्या बाजूला धावतं आणि गाडीला बरोबर ओढतं. मोठ्या टाक्यांत म्हणून आडवे पत्रे असतात, पाण्याला अडवायला. आमची ती टाकी वर्कशॉपला गेलेली होती. बदली टाकी आतून सपाट होती. हजार लिटर.

त्या दिवशी सहा वाजता निघालो. शिवण्णाची गाडी पुढे, त्याच्या शेजारी लान्सनायक बिष्ट. मागे माझी जीप. रेडिओवर मी 'वन', त्याची गाडी 'टू'. रात्री पाऊस पडून गेलेला. रस्त्यावर दगड आलेले, पण लहान. एका वळणावर बकऱ्यांचा कळप वर चढून, एका जागी चिकटून उभा होता, खाली यायला तयार नव्हता. बिष्ट रेडिओवर म्हणाला, "जनावरं खाली येत नाहीत, मॅडम." मी म्हटलं, "त्यांना ड्यूटी नाही."

सात चाळीसला रस्त्याच्या मजुरांची छावणी आली. बायका डबे, पातेली घेऊन रस्त्यात उभ्या. दरडीनं त्यांचा झरा बुजला होता, दोन दिवस पाणी नव्हतं. वरच्या चौकीतही पाणी संपत आलं होतं, तिथे एकोणीस माणसं.

मी शिवण्णाला विचारलं, "थोडं देऊ या?"

"मॅडम, द्यायचं तर सगळं द्या. मी खाली जाऊन परत भरून आणतो."

"अकराला धुकं उतरतं. परत फेरी होणार नाही."

"मग देऊ नका."

त्या बायकांकडे बघून मला ते जमेना. वरच्यांनाही नाही म्हणवेना. मी म्हटलं, "अर्धं यांना, अर्धं वर."

तो म्हणाला, "येस मॅडम."

पुढच्या वळणांवर टाकीच्या आत धप्प, धप्प आवाज यायला लागला. जीपमध्ये मला इंजिनावरून ऐकू येत होता.

आठ वाजून दहा मिनिटांनी रेडिओ वाजला.

"टू फॉर वन. पाणी बोलतंय, मॅडम. ओव्हर."

"वन. ऐकतेय. लो गिअरमध्ये राहा. ओव्हर."

"टू. पुढे रस्ता दरीकडे कललाय. कड ओली आहे. उतरून बघतो. ओव्हर."

तो उतरला. कडेवर बुटानं दोनदा ठोकलं. बिष्टला उतरवून पुढे चालत पाठवलं, हातानं दिशा दाखवायला. मग परत आपल्या जागी चढला.

"टू फॉर वन. उरलेलं पाणी सोडून देऊ? ओव्हर."

रोहिणी, इथं माझ्या डोक्यात फक्त ते एकोणीस जण होते. इतक्या जवळ येऊन पाणी मातीत घालायचं?

"वन. नेगेटिव्ह. सावकाश काढ. ओव्हर."

"रॉजर."

त्यानं बरोबर चालवली. कडेपासून दूर, डोंगराला चिकटून, स्टिअरिंगला झटका नाही, ब्रेक नाही. मागचं डावं चाक एका खळग्यात उतरलं, हातभरच. एरवी गाडी बाहेर आली असती. पण आत पाणी डावीकडे, दरीच्या अंगाला गेलं. पाचशे किलो. गाडी सावकाश झुकली, थांबल्यासारखी वाटली आणि दरीत गेली. वेळ आठ पंचवीस.

दोर घेऊन आधी उतरल्या त्या छावणीतल्या बायका. आमची मदत यायला तास लागला. त्यांनीच त्याला वर आणलं.

चौकशी झाली. मी लिहून दिलं, अर्धी टाकी माझ्या हुकमानं, पुढे जायचा हुकूमही माझा. निकालात रस्त्याची कड ढासळल्याचं आलं. मला कुणी काही म्हटलं नाही. पुढे नोकरी पूर्ण केली, घरी आले.

रजा मिळाली तेव्हा मी बेट्टदपुरला त्याच्या घरी गेले. त्याची बायको गौरम्मा पायरीवर बसली होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं. "तो थांबू का म्हणाला होता?"

म्हटलं, "पाणी सोडू का म्हणाला होता. मी नको म्हटलं."

ती उठली. मला वाटलं, आता जा म्हणेल. तिनं ताकाचा लोटा आणून माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी ते ताक प्यायले, लोटा धुऊन पालथा घातला आणि बसची वाट धरली. तेव्हापासून वर्षातून एकदा जाते. आता ती बोलते. गुडघ्यांचं, सुनेचं, पावसाचं. त्याचं बोलत नाही.

तू हुशार आहेस, गाडी चांगली चालवतेस, मला माहीत आहे. शिवण्णा तुझ्या दसपट चांगली चालवायचा. चालवणं त्याचं होतं, लोड ठरवला मी. तुझ्या गाडीत दोन्ही तूच आहेस. तुला नको म्हणणारं शेजारी कुणी नाही, आणि मळ्यात उशीर होतोय म्हणून तूच स्वतःला "सावकाश काढ" म्हणशील. म्हणू नकोस. माल उतरवून परत भरायला एक तास जातो, जाऊ दे.

नाईक शिवण्णा. वय चौतीस. खांद्यानं धक्का मारून माल तपासणारा. मला "पाणी बोलतंय" म्हणून सांगणारा. हे नाव आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी घेत नाही, म्हणून तुझ्यासाठी लिहून ठेवलं.

आता पुरे. फोनवर "हो हो आत्या" करू नकोस, प्रत्यक्ष ये. रविवारी नाही जमलं तर सोमवारी, पण ह्याच आठवड्यात, मळ्यात जायच्या आधी ये गं.