आईचे नवे उद्गार

आधी माफी मागतो. आठवणी लिहायच्या तर माणसाने काहीतरी केलेलं असावं, निदान वय तरी झालेलं असावं. माझं दोन्ही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही मागच्या बाकावर बसणारा. शिवाय सांगायचंय तेही थोडंच आहे. एका मे महिन्यात मी कतारला आईकडे गेलो होतो आणि तिथे मला एका बाईचा फार हेवा वाटला. एवढंच.

आई नर्स. बाबा मी शाळेत असतानाच गेले. मी बारावीला असताना आईला दोहाच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी वसईत मावशीकडे राहिलो. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून घरी आलो की आईचा फोन यायचा. फोनकार्ड मध्येच संपायचं, म्हणून कामाचं आधी बोलायचो. एक प्रश्न मात्र मी दर रविवारी गिळायचो. डिसेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपलं की ती परत येणार, की पुन्हा सही करणार? "बघू" असं उत्तर आलं असतं तर पुढचा आठवडा काढणं कठीण गेलं असतं.

सुट्टीत तिने मला बोलावून घेतलं. ती दोहाच्या अल हिलाल भागात एका व्हिलाच्या मागच्या भागात राहायची. दोन खोल्या, मध्ये एकच स्वयंपाकघर. एका खोलीत आई, दुसरीत तिच्याच वॉर्डातली एक फिलिपिनो नर्स. पहिल्याच संध्याकाळी आईच्या हातून कुकरचं झाकण फरशीवर पडलं आणि ती ओरडली, "आय पालाका!"

माझी आई दचकली की छातीवर हात ठेवून "अगो बाय!" म्हणते. जन्मापासून मी तेच ऐकलेलं.

"हे काय म्हणालीस?"

"कधी?"

"आत्ता. पालाका की काय."

"अरे, बेडूक."

"बेडूक? या वाळवंटात?"

"त्यांच्यात दचकलं की बेडूक म्हणतात. काहीजणी घोडा म्हणतात. माझ्या तोंडात बेडूक बसला."

दारात ती नर्स उभी राहून हसत होती. आईपेक्षा लहान, ठेंगणी, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली. ती आईला "आते" म्हणायची. त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. मला सख्खी आते आहे, ती नालासोपाऱ्याला राहते. ही कुठली नवी, असं मनात आलं.

त्यांची ड्युटी बहुतेक एकाच वेळी असायची. घरी आल्यावर दोघी मिळून रोझरी म्हणायच्या, मग जेवण आणि मग गप्पा. आई वॉर्डातलं काहीबाही सांगायची आणि ती प्रत्येक वाक्याला दाद द्यायची. "तालागा?" "हाला!" "ग्राबे!" आई खुलत जायची. फोनवर मोजूनमापून बोलणारी माझी आई इथे हातवारे करत होती, डॉक्टरांची नक्कल करत होती. मी ताटात बघत जेवायचो.

एकदा मीही माझी बातमी काढली. आमच्या सरांनी माझा निबंध सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवला होता. ती बातमी मी आईसाठी महिनाभर जपून ठेवली होती, फोनवर सांगितली नव्हती. आई म्हणाली, "छान." आणि लगेच तिच्याकडे वळून इंग्रजीत सांगू लागली. तिने टेबलावर थाप मारली. "ग्राबे!" तेव्हा कुठे आईही म्हणाली, "ग्राबे!" बातमी माझी, आई माझी, आणि आनंद मात्र तिच्याकडून फिरून माझ्यापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच ड्युटीवर होती. ती नर्स कोंबडीत व्हिनेगर आणि लसूण घालून काहीतरी शिजवत होती. मी चाचरत म्हणालो, मला ते शब्द शिकवा. तिचं इंग्रजी तुटक, माझं भित्रं, पण जमलं. तालागा म्हणजे खरंच? समोरच्याने पुढे सांगावं म्हणून. हाला म्हणजे काहीतरी बिघडलं. नाकू म्हणजे जीव तुटतोय, बहुधा आपल्या माणसासाठी. ग्राबे म्हणजे अति झालं, मग ते चांगलं असो की वाईट. आणि सगळ्यात मोठा, सुसमार्योसेप. येशू, मारिया, जोसेफ, तिन्ही नावं एका दमात. आई सुरुवातीला त्यावर रागावली होती म्हणे, पवित्र नावं अशी वाया घालवू नये म्हणून. आता तीही म्हणते.

मी म्हणून दाखवलं. ती हसली. "तू विचार करून दचकतोस. आधी तोंड, मग डोकं."

मग म्हणाली, "कोणी काही सांगितलं आणि तू गप्प राहिलास, तर त्याला वाटतं तू ऐकलंच नाहीस."

आमच्याकडे उलटं आहे. फार नवल केलं तर नजर लागते, असं मावशी म्हणते. चांगली बातमी आम्ही "हं" म्हणून ठेवून देतो.

संध्याकाळी आई आली आणि म्हणाली, "आज बस वाटेतच बंद पडली." मी लगेच म्हणालो, "हाला!"

आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि हसत हसत तिने आतल्या खोलीकडे हाक मारली, "ऐकलंस का? माझा मुलगा काय म्हणाला ऐकलंस?"

तिलाच हाक मारली.

निघायच्या आदल्या दुपारी मी बॅग भरत होतो. स्वयंपाकघरात आई खालच्या आवाजात काहीतरी बोलली. मला ते कळलं नाही, पण पुढचं सगळं कळलं. "तालागा?" मग, "हाला." मग, "नाकू, आते." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "सुसमार्योसेप." त्यानंतर फक्त नळाचा आवाज.

मी बाहेर गेलो. आई बेसिनकडे तोंड करून उभी होती.

"काय झालं, आई?"

"काही नाही रे. वॉर्डातलं."

एवढ्या पायऱ्या चढून गेलेली बातमी वॉर्डातली नव्हती. ती माझ्या घराविषयी होती आणि मला सोडून तिला सांगितली गेली होती. आईने पुन्हा सही केली, असं मी धरून चाललो. विमानतळावर आईने माझ्या कपाळावर क्रूस काढला आणि मी "बरं" म्हणून आत गेलो.

त्यानंतरचे रविवार मी "हं" आणि "बरं" यांवर काढले. मावशी म्हणायची, "अरे, आईशी जरा बोल तरी." काय बोलणार? बोलायला तिला तिथे माणूस होतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी फोन आला. आई म्हणाली, "ऐक, तुला एक..." आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. कार्ड संपलं असं मला वाटलं. मग रिसीव्हर दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली आणि त्या नर्सचा आवाज आला. ती इंग्रजीत जे म्हणाली ते मराठीत लिहितो.

"आते रडतेय, म्हणून मी सांगते. तिने सही केली नाही. मे महिन्यात मला म्हणाली होती, पण ऑफिसने सोडायला हो म्हटल्याशिवाय तुला आशा लावायची नव्हती. काल कागद मिळाला. डिसेंबरात तुझी आई घरी येतेय. कायमची."